सडा, पायवाट आणि एक सरळ रेघ

सहावीचा चित्रकलेचा तास होता. आमच्या शाळेत वेगळा कलाशिक्षक नाही. उर्दू आणि इतिहास शिकवणारी मीच चित्रकलाही घेते. बी.एड.ला या विषयाची एक फाईल पुरी केली होती, तेवढीच माझी पात्रता. "आपल्या घरातले एक माणूस काढा," असे मी सांगितले होते. एका मुलीने दादी काढली. नाकात चमकी, डोक्यावर ओढणी, मांडीवर तसबीह. हात लहान-मोठे झाले होते, पण चेहरा पाहून कुणीही सांगितले असते की ही हिची दादीच.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रागात नव्हते, अवघडून दारात उभे होते. म्हणाले, "टीचर, इसकू आदमी के चेहरे निकालने नको सिकाव. घर में बातां होतीं."

मी वाद घातला नाही. जानदारांच्या चित्रांविषयी आपल्यात किती मते आहेत हे मला ठाऊक आहे आणि मी काही आलिमा नाही. शिवाय मोहल्ला लहान, नोकरी त्याच मोहल्ल्यातली. "ठीक है भाई, आता ती फक्त रेघा आणि आकार काढेल," असे मी म्हणाले. ते सलाम करून गेले. पुढच्या तासाला त्या मुलीने पट्टीने चार रेघा ओढल्या आणि वही मिटली. मला वाटले, हिची दादी मीच खोडली.

रेघा म्हणजे चित्र न काढण्याची सोय, असेच मी तोवर समजत होते. त्या सुमारास पुण्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जाडजूड पुस्तक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाश्चात्त्य चित्रकलेचे. आधी चाळताना हसूच आले. कुठे नुसते रंगाचे शिंतोडे, कुठे रंगाचे दोन पट्टे, कुठे सुपाचे डबे. ही कसली चित्रे? मग हळूहळू मला माझे तळेघर आठवू लागले.

तळेघर माझे माहेर. भीमाशंकरच्या वाटेवरचे, पावसात ढगांत बुडणारे गाव. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. आमच्या अब्बांचे तिथे किराणा दुकान. हिरड्याच्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या हातात थोडा पैसा खेळे, एरवी उधारीची वही. शेजारची मावशी पहाटे अंगणात शेणाचा सडा टाकी. तिचा हात कसा फिरला ते सडा वाळल्यावरही जमिनीवर दिसे. अमेरिकेत जॅक्सन पोलॉक 1947पासून कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर रंग ओतू-शिंपडू लागला, ते वाचताना मला ती मावशी दिसली. युद्धात जग होरपळले होते, युरोपातले कितीतरी चित्रकार न्यूयॉर्कला आले होते. जुन्या पद्धतीने काढलेली सुबक चित्रे आता पुरी पडत नाहीत असे तिथल्या चित्रकारांना वाटत होते. म्हणून हाताची हालचाल हेच चित्र झाले. मार्क रॉथको आणि बार्नेट न्यूमन यांनी तर नुसत्या रंगाच्या मोठ्या पसऱ्यासमोर माणसाला उभे केले.

मग 1962 मध्ये अँडी वॉरहॉलने सुपाच्या डब्यांची 32 चित्रे केली, प्रत्येक प्रकाराच्या सुपासाठी एक. अब्बांच्या फळीवर साबणाच्या वड्या आणि बिस्किटांचे पुडे असेच ओळीने असत. बाजार आपल्या डोळ्यांत किती शिरला आहे, हेच तो दाखवत होता. 1965 मध्ये जोसेफ कोसुथने एक खुर्ची ठेवली, शेजारी त्याच खुर्चीचा फोटो आणि शब्दकोशातला 'खुर्ची'चा अर्थ. चीज, तसवीर आणि लफ्ज. यातली खरी खुर्ची कोणती? उर्दूच्या तासाला मुलांना हा प्रश्न विचारला, तेव्हा वर्गात इतकी हुज्जत झाली की घंटा ऐकूच आली नाही.

सगळ्यात जवळचा वाटला तो रिचर्ड लाँग. 1967 मध्ये तो एका गवताळ रानात पुन्हा पुन्हा त्याच रेषेत चालला, गवत दबले, रेघ उमटली, त्याने तिचा फोटो काढला. बस्स. आमच्याकडे डोंगरातल्या सगळ्या पायवाटा अशाच झालेल्या. फरक इतकाच की आमची माणसे डोक्यावर भारा घेऊन चालली आणि त्यांचा फोटो कुणी काढला नाही. पुढे याच लाँगचे आणि डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे एकत्र प्रदर्शन 2003 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झाले, हे वाचून बरे वाटले.

पण हे वारे आपल्या लोकांपर्यंत आले का? आले, आणि त्यांनी ते नुसते अंगावर घेतले नाही. 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि पंढरपूरचे हुसेन. त्याच वर्षी दंगलीत मोहम्मद अली रोडवर एका माणसाला जमावाने ठार मारताना तय्यब मेहता या तरुणाने खिडकीतून पाहिले. ते दृश्य त्यांना जन्मभर सोडून गेले नाही. 1968 मध्ये ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, न्यूमनची चित्रे पाहिली. परत आल्यावर त्यांच्या चित्रात सपाट रंग आला आणि कॅनव्हासला तिरकी चिरत जाणारी एक रेघ आली. रेघ तिकडची असेल, जखम इथलीच होती. आणि त्यांच्या चित्रातला माणूस कोसळतच राहिला.

नसरीन मोहमदींनी तर माणूस काढलाच नाही. 1937 मध्ये कराचीत जन्म, बालपण मुंबईत, पुढे बडोद्याला अध्यापन. शाई, पेन्सिल आणि पट्टी, एवढ्यावर त्यांनी समुद्र, वाळवंट, रस्ता यांचे सार कागदावर आणले. आजाराने शरीरावरचा ताबा सुटत होता, तरी रेघ हलली नाही. 1990 मध्ये अलिबागजवळ किहीमला त्यांचा इंतकाल झाला. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने नवी शाखा उघडली, तेव्हा त्यांचे प्रदर्शन भरवले. त्याच 1937 साली अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मींनी 1999 मध्ये 36 लाकूडठसे केले. प्रत्येकाखाली एक उर्दू शब्द, पहिला 'घर'. ज्या नस्तालीकचे वळण मी रोज फळ्यावर गिरवते, ते जगाच्या संग्रहालयांत टांगलेले आहे.

या दोघींच्या चित्रांच्या झेरॉक्स मी वर्गात लावल्या. मुलीला म्हटले, "रेघ म्हणजे शिक्षा नाही ग. माझीच चूक झाली." ती काही बोलली नाही. दोन तास खपून तिने एक चित्र काढले. रिकामी खाट, घडी केलेली ओढणी, तसबीहचे मोजून 33 मणी. मी विचारले, "दादी कुठे?" म्हणाली, "नमाज को गई."

चित्र सुरेख होते. तरी माझे समाधान झालेले नाही. नसरीनची रेघ तिची स्वतःची निवड होती, या मुलीची निवड मी आणि तिच्या वडिलांनी दारात उभे राहून केली होती. आणि तय्यब मेहतांना माणूस काढणे भागच होते.

चमकीवाल्या दादीचे पहिले चित्र माझ्या कपाटात आहे. या वर्षीच्या पालकसभेला मी दोन्ही चित्रे तिच्या वडिलांच्या हातात देणार आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत, ऐकून घेईन. मागच्या वेळी मी काही बोललेच नव्हते.