मारलंत कशाला आणि जिवंत केलंत कशाला

तो फोटो माझ्या डोक्यातून अजून जात नाही. शिवाजी साटम यांचा चेहरा, 'सीआयडी' मालिकेतलं त्यांचं एसीपी प्रद्युमन हे नाव आणि दोन सालं : १९९८ ते २०२५. एप्रिल २०२५ मध्ये मालिकेच्या वाहिनीनेच आपल्या अधिकृत पानावर एसीपींना अशी श्रद्धांजली वाहिली आणि तिथून ती महाराष्ट्रभर फिरली. आपल्याकडे फोटोखाली अशी दोन सालं आली की त्याचा अर्थ एकच होतो. आमच्या संभाजीनगरात क्रांती चौकापासून टीव्ही सेंटरपर्यंत कुठल्याही चौकातले फ्लेक्स बघा, लहान पोरालाही तो अर्थ कळतो. मालिकेतल्या माणसासाठी ही सालं वापरावीत असं ज्याच्या मनात आलं, त्याच्या घरात म्हातारं माणूस नसावं.

'सीआयडी' म्हणजे काय हे सांगत बसत नाही. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, ऑक्टोबर २०१८ ला बंद पडली, तोवर दीड हजारावर भाग होऊन गेले होते. २१ डिसेंबर २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. ही मालिका काढणाऱ्या बी. पी. सिंग यांनी 'सीआयडी'च्या आधी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' केलं होतं, त्यातही साटमच पोलीस होते. म्हणजे माझ्या आईने या माणसाला मराठीत पोलीस म्हणून पाहिलं, मग हिंदीत पाहिलं. तिच्या हिशेबात ते एकच साहेब. नुसती बदली झालेली.

सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत सीआयडी म्हणजे शुक्रवारची रात्र. वडील होते तोवर ते पलंगावर, आई दाराशी पाट घेऊन, आम्ही भावंडं खाली. भारनियमनाच्या काळात ऐन मालिकेतले फॉरेन्सिकवाले डॉक्टर साळुंखे अहवाल वाचायला लागले की लाइट जायची. मग खुनी कोण यावर अंधारात वाद. दुसऱ्या दिवशी ज्याच्या भागात लाइट होती त्याला गाठून विचारायचं. वडील गेल्यावर आईने बाकी सगळ्या मालिका सोडल्या, ही मात्र ठेवली. २०१८ ला बंद झाली तर जुने भाग लावून बघायची. खुनी पाठ होता, तरी बघायची.

आता तो फोटो आला त्या शनिवार-रविवारचं सांगतो. रविवारी, ६ एप्रिलला, रामनवमी होती. आदल्या रात्री आमच्याकडे नळाला पाणी आलं. संभाजीनगरात राहणाऱ्याला यापुढे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की जायकवाडी भरलेलं असो की रिकामं, आमचं पाणी दिवसांच्या अंतराने येतं आणि येतं तेव्हा घरातली सगळी माणसं मोटार, पाइप, पिंप, कळशी यांच्यामागे लागतात. टीव्ही बंदच होता. नेमका त्या शनिवार-रविवारच्या भागांत बार्बोसाने डाव साधला. बार्बोसा म्हणजे मालिकेतला खलनायक, तिग्मांशू धुलिया. त्याने बॉम्बस्फोट घडवला आणि त्यात एसीपी संपले. आम्हाला पत्ता नाही.

रविवारी आम्ही किराडपुऱ्याच्या राममंदिरात जाऊन आलो. ऊन मरणाचं. आई घरी आली, पाणी प्यायली, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर काय आलंय ते बघायला फोन घेतला. कुणीतरी तोच फोटो टाकला होता. वाहिनीचं चिन्ह कापलेलं, मालिकेचं नाव कापलेलं, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडलेले. खाली पंधरा-वीस जणांचे हात जोडलेले.

आई म्हणाली, "अरे, साटम गेले."

मला खरं वाटलं. का वाटू नये? पंच्याहत्तरीला आलेला माणूस, फोटो, सालं, श्रद्धांजली. मीही "अरेरे" म्हणालो. आईने पदर डोळ्यांना लावला. सुंठवडा तसाच वाटीत राहिला. तिने बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, फोन लावला. मावशी पैठणला. तीही रडली. दोघी बोलत होत्या ते साटमांबद्दल नव्हतंच. वडील ज्या पलंगावर बसून बघायचे त्या पलंगाबद्दल बोलत होत्या, त्या लाइट जायच्या रात्रींबद्दल बोलत होत्या. मी ते दारातून ऐकत होतो. वडिलांविषयी आई इतकी मोकळेपणी कधी बोलली नव्हती.

मग माझी मुलगी बाहेरून आली. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "आजी, ते जिवंत आहेत. सीरियलमध्ये मेलेत."

आईला हे समजायला वेळ लागला. समजल्यावर ती आनंदली असेल असं वाटेल. नाही. तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी कोणासाठी रडले?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री जेवली नाही. फसवल्यासारखं झालं होतं तिला, आणि फसवणारा समोर नव्हता. ग्रुपवर मी लिहिलं की साटम सुखरूप आहेत, तर एकाने हसण्याचं चिन्ह टाकलं. बाकीच्यांनी ते जोडलेले हात काढलेसुद्धा नाहीत.

सोमवारी पहाटे कंपनीच्या बसमध्ये दुसरा विषय नव्हता. मी वाळूजला कामाला. पहिल्या पाळीची बस टीव्ही सेंटरवरून निघते, सेव्हन हिल, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप करत नगर नाक्याला येईपर्यंत अर्धे लोक झोपलेले असतात. त्या दिवशी कोणी झोपलं नाही. बाबा पेट्रोल पंपावर चढणारे आमचे एक भाई आहेत, रंगकामाच्या विभागातले. ते चढतानाच म्हणाले, "अपने एसीपी कू मार दिये यार! ऐसा मारते क्या?" आणि बस सुरू झाली.

भाईंचं म्हणणं, सत्तावीस वर्षं ज्याने केस सोडवल्या त्याला एका बॉम्बमध्ये संपवणं ही बेअदबी आहे. मरायचं तर समोरासमोर, दोन शब्द बोलून, दया-अभिजीत हे हाताखालचे अधिकारी बाजूला असताना मरावं. क्वालिटी विभागातला एक पोरगा मागून म्हणाला, "काका, डीएनए जुळला का? साळुंखेंनी अहवाल दिल्याशिवाय कोणी मेलं असं धरायचं नसतं." त्यावर बस हसून हलली. डिसेंबरात अभिजीतने दयावर गोळी झाडली तेव्हाही हा पोरगा असंच म्हणाला होता आणि दया परत आला होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. ड्रायव्हरमामा म्हणाले, पार्थ समथान नवे एसीपी होऊन येणार म्हणे, म्हणजे म्हाताऱ्याला काढायला हे केलंय, कारखान्यात करतात तसंच. मग गोलवाडीपर्यंत चर्चा सक्तीच्या निवृत्तीवर. दोघा-तिघांचे करार त्याच महिन्यात संपत होते.

साटम यांची मुलाखत कोणीतरी फोनवर वाचून दाखवली. आपण काही काळ सुट्टीवर आहोत, आपला भाग संपला की नाही हे आपल्याला कळवलेलं नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते. बस एकदम शांत झाली. बँकेतली नोकरी सांभाळून नाटकात आलेला माणूस, निम्मं आयुष्य एका वर्दी नसलेल्या पोलिसाला दिलं, आणि स्वतःच्या मरणाची बातमी त्याला आपल्यासारखीच बाहेरून कळते. मी म्हणालो, एसीपी परत आलेच पाहिजेत. सगळे हो म्हणाले.

आता इथे मला थांबून फ्रेडीविषयी बोललं पाहिजे, कारण आईचं खरं दुखणं तिथे आहे. सीआयडीत फ्रेडरिक्स, म्हणजेच फ्रेडी, झालेले दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले. वय ५७. ते खरंच गेले. मालिका तेव्हा बंद होती, त्यामुळे पडद्यावर त्यांना निरोप मिळायचा प्रश्नच नव्हता. वर्षभराने मालिका सुरू झाली तेव्हा आई पहिल्या भागापासून विचारत होती, "आपला फ्रेडी कधी येणार?" मी सांगायचो, तो वारला, आई. "हो रे," म्हणायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दाराकडे बघायची. त्या माणसाच्या मरणावर कोणी पंधरा दिवस चर्चा घडवून आणली नाही. एसीपींच्या खोट्या मरणावर मात्र देशभर गलका झाला. हे मला आजही सहन होत नाही.

कथेत माणूस मारू नये असं मी म्हणत नाही. गुन्ह्याच्या गोष्टीत मरण नसेल तर उरलं काय? कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकललं, कारण त्याला त्या पात्राचा कंटाळा आला होता. वाचक खवळले, आणि दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, होम्सला जिवंत करावं लागलं. आपल्याकडे 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला तेव्हा घराघरांत सुतक पाळल्यागत झालं होतं, आणि त्यालाही परत आणलं. पण डॉयलने निदान मनापासून मारलं होतं. दहा वर्षं वाचकाला दुःख करू दिलं. आत्ताच्यांना दहा आठवडेही धीर नव्हता.

कारण एसीपी परत आले. काही आठवड्यांतच. क्वालिटीच्या पोराने बसमध्ये पेढे वाटले. भाई म्हणाले, "देखा? शेर है अपना." आईने पाट ओढला आणि दाराशी बसली, जणू मधे काही झालंच नव्हतं. आणि मला, ज्याने परत आणा म्हणून सगळ्यात मोठ्याने सांगितलं होतं त्या मला, काडीचा आनंद झाला नाही. ते पडद्यावर आले तेव्हा वाटलं, मेले होते ते बरं होतं. निदान आईचं रडणं कशासाठी तरी होतं. त्यांना परत आणलं आणि तिचे ते अश्रू बिनकामाचे ठरवले. लेखक म्हणतील, लोकांनीच मागणी केली. केली, मीही केली. पण रडणाऱ्या माणसाच्या मागणीवर कथा चालवायची नसते. त्याला काय हवंय हे त्यालाच कळत नसतं.

खऱ्या मरणाचीही आम्ही अशीच करमणूक करतो. आमच्या बसमध्ये परभणीकडचा एक जण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स', त्याच्याकडच्याच खऱ्या खुनांवरची मालिका, आली तेव्हा सगळे त्याला विचारायचे, पुढे काय होतं, मकरंद अनासपुरे सुटतो का, सोनाली कुलकर्णीचं काय होतं. तपास करणारे रमाकांत कुलकर्णी झालेत आशुतोष गोवारीकर, जे पूर्वी सीआयडीतही होते, त्यामुळे बसला भारी उत्साह. हा गडी एक शब्द बोलायचा नाही. एकदा म्हणाला, "१९७२ ते ७४ मध्ये आमच्याकडे पोरीबाळींना संध्याकाळी उंबरा ओलांडू देत नव्हते. माझ्या आजीला विचारा ट्विस्ट काय असतो ते." त्यानंतर त्याला कोणी विचारलं नाही. त्याचं मला पटलं. आणि तरी ती मालिका मी शेवटपर्यंत पाहिली, रात्र जागून पाहिली. 'देवमाणूस' लागायची तेव्हाही तेच. वाईच्या खऱ्या खुनांवर बेतलेली गोष्ट, आणि आम्ही बसमध्ये डॉक्टरला फाशी कधी होणार यावर चहा लावायचो. खुनी मरावा म्हणून पैज आणि पोलीस मरू नये म्हणून उपास. माणूस असा आहे.

त्यामुळे मालिका बघू नका असा उपदेश मी करणार नाही. आठवडाभर वाकून काम करणाऱ्याला शनिवारी रात्री कोणीतरी गुन्हेगाराला पकडून देतो, हे काही कमी नाही. जिथे तक्रार लिहून घ्यायलाच तास जातात, तिथे अर्ध्या-पाऊण तासात न्याय होतो. आई एकदा म्हणाली होती, "या साहेबाकडे गेलं की काम होतं." तिने आयुष्यात किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते मला माहीत आहे, म्हणून ते वाक्य मी विसरत नाही.

लिहिणाऱ्यांना आणि वाहिन्या चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पात्र मारा. हवं तर वाईट मारा, आम्ही भांडू. पण एकदा मारलं की मेलेलं राहू द्या, आणि काही झालं तरी हयात नटाच्या फोटोखाली जन्म-मृत्यूसारखी सालं छापू नका. ती जागा फडणीसांसारख्या खरंच गेलेल्यांची आहे. आणि तुम्ही, ज्यांच्या फोनवर असा फोटो येतो, पुढे पाठवण्याआधी एवढं बघा की गेलंय कोण, माणूस की पात्र. तुमच्या ग्रुपवर कुणाची तरी आई आहे.