उंच बॉनेटखाली

शिरढोणला फडक्यांच्या वाड्याची वाट विचारायला थांबलेली माणसं माझ्या शेडमधली जीप दिसली की गाडीतून खाली उतरतात. १९६०च्या दशकातली सीजे-३बी. तिचं उंच, चौकोनी बॉनेट लांबूनच ओळखू येतं.

ती उंची शोभेची नाही. विलीज कंपनीने आधीच्या जीपमध्ये नवं हरिकेन इंजिन घालायचं ठरवलं. चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर. इनलेट वाल्व हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. या रचनेमुळे इंजिन उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, तेव्हा बॉनेटच वर उचललं. महिंद्राने हीच जीप मुंबईत बनवली आणि पुढे त्याच बॉनेटखाली डिझेलही बसवलं. म्हणजे इंजिन बदलण्यातूनच या गाडीचा चेहरा घडला आहे. माझं हरिकेन उतरवताना हात थरथरले, तेव्हा याच गोष्टीने मला धीर दिला.

ब्लॉकला तडा होता. तो बुजवायचे सगळे उपाय हरल्यावर प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आणलं. नावातच त्याचं माप आहे: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. २११२ सीसीचं हे इंजिन महिंद्राने एमएम५४० मध्ये वापरलं होतं. आरटीओची रीतसर परवानगी घेतली. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. ती वाट मी स्वतःच्या हाताने बंद केली. त्याचं दुःख आहे.

खाडीच्या हवेने खाल्लेला तळाचा पत्रा डेंटरने आठवड्यात बदलला. खरा वेळ गेला तो इंजिन आणि जुना तीन गिअरचा गिअरबॉक्स जोडण्यात. मधे ॲडॉप्टर प्लेट लागते. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये बरोबर मध्यावर बसायला हवं. पहिली प्लेट मी टेपने मापून कापून घेतली. बोल्ट सरळ गेले, म्हणून मी खूश. क्लच सोडला आणि अख्खी गाडी थडथडली.

"दादा, बोल्ट बसला म्हणजे सेंटर बसलं असं नसतं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी क्रँकवर डायल गेज लावलं आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवलं. काटा हलत राहिला. नवी प्लेट लेथवर करून घेतली, पुन्हा खोललं, पुन्हा मापलं. काटा जवळजवळ स्थिर झाला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

डिझेलचं ओझं वाढलं म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान घातलं. वायपरचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तो पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचा. डिझेलला तशी ओढ नसते. त्याच्या जागी छोटी विजेची मोटर बसवली.

जूनच्या पहिल्या पावसात कर्नाळ्याच्या खिंडीतून वर गेलो. जीप टॉप गिअरमध्ये चढली.

हरिकेन शेडच्या कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर आहे. दर रविवारी त्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडतो आणि क्रँक हाताने अर्धा फेरा फिरवतो.