गंधाचा सांगावा

दिवाळी सरते आणि लातूर-नांदेडच्या शिवारात तूर फुलावर येते. त्या पिवळ्या फुलांचा वास आपल्या नाकाला जेमतेम लागतो. पण अंधार पडला की घाटेअळीच्या पतंगाची मादी वाऱ्यावरच्या शंभर वासांतून नेमका फुलोरा हुडकून काढते आणि कळ्याफुलांवर एकेक अंडं ठेवत जाते.

तिच्या मिशांवर सूक्ष्म केस असतात. केसांना छिद्रं असतात, त्यांतून गंधाचे कण आत शिरतात. गंमत अशी, की हिरव्या पानांचे बरेचसे गंध सगळ्याच झाडांत सापडतात. ओळख पटते ती त्यांच्या प्रमाणावरून. धणे, खोबरं, मिरची सगळ्या घरांत तीच, तरी काळ्या मसाल्याच्या वासावरून घर ओळखू येतं, तसंच हे. परसातला कढीपत्ता, लिंबू आणि बेल दिसायला वेगळे; पण लिंबावरचं फुलपाखरू तिघांवरही अंडी घालतं, कारण तिघं एकाच कुळातले. वासाने ते जवळ येतं, पायांनी पान चाखतं आणि खात्री पटल्यावरच अंडं घालतं.

झाड मात्र निमूट सोसत नाही. पान कुरतडलं गेलं की त्याचा वास बदलतो. अळीची लाळ जखमेला लागली की मका वेगळेच गंध सोडतो आणि त्या वासावर अळीचे शत्रू येतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९० साली दाखवून दिलं. आपल्या हरभऱ्यातही कॅम्पोलेटिस नावाचा बारीकसा परजीवी कीटक कोवळ्या घाटेअळीच्या अंगात अंडं घालतो. ती अळी पुरती वाढण्याआधीच मरते. वैरी ज्या वाऱ्यावरून येतो, त्याच वाऱ्यावरून राखणदारही येतो.

कामगंध सापळ्याने गंधाचाच धागा पकडला. मादीच्या गंधाची गोळी लावायची, हेक्टरी पाच सापळे टांगायचे. नर किती अडकतात त्यावरून अळीची चाहूल लागते. कपाशीच्या कडेने लावलेला झेंडू पतंगांना स्वतःकडे ओढून घेतो.

सापळा न बघताच पंप पाठीला लावला, तर जहाल औषधाने अळीबरोबर तिचा शत्रूही मरतो. मग पुढच्या अळ्यांशी शेतकऱ्याला एकट्यानेच झुंजावं लागतं. म्हणून मला मनापासून वाटतं, तूर फुलली की आधी सापळ्यातले पतंग मोजावेत, शेंडे-कळ्या निरखाव्यात, पाच टक्के निंबोळी अर्क मारावा. जहाल औषध अगदी शेवटी. मदतीला येणाऱ्यांची वाट मोकळी ठेवणं, हीदेखील शेतीची मशागतच आहे.