एक घोडा कमी

बुद्धिबळात तरबेज खेळाडूने कच्च्या खेळाडूसाठी आपला एखादा मोहरा आधीच पटावरून उचलून ठेवायचा, ही रीत फार जुनी. जुन्या अरबी ग्रंथांत खेळाडूंचे पाच दर्जे सांगितले आहेत. वरच्याने खालच्याला किती सूट द्यायची, ते त्यावरून ठरे.

शिरूरला मुलं झोपली की मी एकोणिसाव्या शतकातल्या अशा डावांच्या नोंदी वाचत बसते. वर लिहिलेलं असतं, ‘पांढऱ्याचा वजिराकडचा घोडा काढा.’ ही ओळ नजरेतून सुटली, तर पुढच्या चाली जुळतच नाहीत. जिंकणाऱ्याचं नाव ठळक; हरणाऱ्याच्या जागी कितीदा नुसतंच ‘हौशी खेळाडू’.

१८४६ मध्ये लंडनला हॉवर्ड स्टाँटन डॅनियल हार्विट्झशी खेळला. बरोबरीचे सातही डाव त्याने जिंकले. पण एक प्यादं आणि पहिली चाल दिली, तेव्हा सहा डाव हरला. १८५९ मध्ये अमेरिकेच्या पॉल मॉर्फीने हीच सूट साऱ्या जगाला देऊ केली. कुणीच पुढे आलं नाही. सूट घेणं कमीपणाचं वाटलं असावं.

हा कमीपणा मला घरीच दिसत होता. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेल्या अब्बांनी मला हत्ती सोडून खेळ शिकवला. मग घोडा, मग प्यादं, मग बरोबरी. आमच्यात पैज कधीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला आणि चाली निसटू लागल्या. मी मुद्दाम हरले की ते लगेच ओळखत. शेवटी त्यांनी पटच गुंडाळून ठेवला.

माहेरी गेले तेव्हा मी त्यांना हार्विट्झची हकीकत सांगितली. ते विचारात पडले.

“म्हणजे देणाऱ्याचा खरा कस लागतो.”

“हो. आणि तुम्ही मला किती वर्षं दिलंत, अब्बा?”

त्यांनी पट मांडला आणि माझा एक घोडा स्वतःच बाजूला ठेवला.

आता आम्ही वही ठेवलीय. वर ‘एक घोडा कमी’, खाली दोघांची पूर्ण नावं. गेल्या रविवारच्या डावापुढे अब्बांनी डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत लिहिलंय, ‘मी जिंकलो.’ मी मुद्दाम हरले नव्हते.