ठिपक्यांचा कोंबडा

मुलांनो, मला नवीन भाषा शिकायची भारी हौस. स्पॅनिश शिकायचं म्हणून चार वर्षं पैसे साठवले आणि २०१९ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत थेट कोस्टा रिका गाठलं. हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. पॅसिफिक महासागराच्या काठी त्याचा ग्वानाकास्ते नावाचा प्रांत आहे. तिथल्या सामारा गावात मी एका आजींच्या घरी राहिले. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात!

पहिल्याच पहाटे घराबाहेर अशी काही डरकाळी घुमली की वाटलं, वाघच आला. खिडकीतून पाहिलं तर झाडावर काळी माकडं! आपल्या वानरांपेक्षाही लहान. त्यांच्या गळ्यात पोकळ पेल्यासारखं एक हाड असतं. त्यात आवाज घुमतो आणि दोन-तीन किलोमीटरवर ऐकू जातो. 'आम्ही इथे आहोत, तुम्ही लांबच राहा,' असं एक कळप दुसऱ्याला सांगतो. म्हणजे मारामारी टाळायचीच ही युक्ती. खातात मात्र पानं, फळं आणि फुलं. तिथले लोक त्यांना 'कोंगो' म्हणतात.

मग आजी म्हणाल्या, न्याहारीला 'गायो पिंतो' आहे. मी शब्दकोश उघडला. गायो म्हणजे कोंबडा, पिंतो म्हणजे ठिपक्यांचा. मी तर शाकाहारी! पोटात गोळाच आला. पण ताटात काय आलं? कालचा भात, त्यात काळा घेवडा, कांदा आणि कोथिंबीर. अगदी आपला फोडणीचा भात! पांढऱ्या भातावर काळे ठिपके, म्हणून हे नाव.

दुपारी मी आधीच सांगून टाकलं, "नो कोमो कार्ने." मी मांस खात नाही. आजींनी मान हलवली आणि कोंबडीचा रस्सा वाढला. तिकडे 'कार्ने' म्हटलं की बरेच जण गाईबैलांचं मांस समजतात, कोंबडी त्यात धरतच नाहीत. हे मला पुढे कळलं. त्या वेळी मात्र समोर भरलेलं ताट, पोटात भूक आणि तोंडात एक शब्द नाही. डोळ्यांत पाणीच आलं.

आणि मला माझ्या वर्गातली मुलं आठवली. मी पहिलीला शिकवते. तांड्यावरून येणारी मुलं घरी गोरमाटी बोलतात. त्यांची आई म्हणजे 'याडी'. शाळेत सगळं मराठीतून. जूनभर ती गप्प का बसतात, ते त्या ताटापुढे मला नीट उमगलं.

आजींनी काय केलं सांगू? मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एकेक डबा उघडून दाखवला. "फ्रिहोलेस?" घेवडा. "माइस?" मका. मी 'सी, सी' म्हणत गेले. चुन्याच्या पाण्यात उकडून वाटलेल्या मक्याचा गोळा त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो भाकरीसारखा थापला. आजी खूश! त्या दिवसापासून तोर्तिया थापायचं काम माझं आणि शब्द शिकवायचं त्यांचं.

हळूहळू सवय झाली. सकाळी बूट झटकूनच घालायचे, आत विंचू असू शकतो. इग्वाना नावाचा मोठा सरडा कुंपणावरची जास्वंद खायला आला तर ओरडायचं नाही. पहिल्या पावसात खेकडे रस्त्यावर आले तर वाट द्यायची. जेवण मात्र आपल्या मानानं फारच सौम्य! पण आजींनी माझ्यासाठी व्हिनेगरात मुरवलेल्या मिरच्यांची बरणी काढली. ही मिरची मूळची अमेरिकेतलीच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलेली. पाव आणि बादली हे शब्दही पोर्तुगीजांचेच. पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण, म्हणून 'पान' आणि 'बाल्दे' मला लगेच पाठ झाले.

आता माझ्या वर्गात भिंतीवर चित्रं आहेत. प्रत्येक चित्राखाली दोन शब्द, एक मराठी आणि एक गोरमाटी. गोरमाटी शब्द मुलं सांगतात, मी शिकते. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसतात, आणि हसता हसता बोलायला लागतात.

तुमच्याही वर्गात कोणी नवीन, गप्प गप्प मूल आलं असेल. डब्यातला घास पुढे करा आणि विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात रे?"