पिवळा डोळा

‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस जिवंत झाल्यावर हात उगारत नाही की डरकाळी फोडत नाही. तो आधी डोळा उघडतो. निस्तेज, पिवळा डोळा. तो बघून त्याला घडवणारा व्हिक्टर पळ काढतो. मेरी शेलीची ही कादंबरी १८१८ची.

तिच्यावरून घरादारानं मिळून बघावा असा ॲनिमेशनपट करायला बसलो, तेव्हा मी आधी भीतीच उपसून काढली. प्रयोगशाळेच्या जागी आमच्या गंगाखेडकडची पडझड झालेली, पांढऱ्या मातीची गढी आणली. वटवाघळं गोंडस केली, राक्षसाला ढेरी दिली. तीन महिने खपून जो उभा राहिला तो साबणाच्या जाहिरातीतला काका!

वाट सापडली ती पापणीत. आमच्याकडे सेकंदाला चोवीस चौकटी. एकेक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तर बारा चित्रं. डोळा मिचकायला त्यातली तीन-चार पुरतात. ती काढून टाकली आणि ढेरीसकट तो भयंकर झाला. परत घातली, की घरातलाच कुणी. म्हटलं, पहिली दहा मिनिटं पापणी लववायचीच नाही.

पोरं भितील? भिऊ देत की. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण कुठं सौम्य केली होती? गूढकथा लिहिणारा हात तोच. टिम बर्टननं २०१२च्या ‘फ्रँकनवीनी’त व्हिक्टरला शाळकरी पोरगा केलं आणि राक्षसाच्या जागी त्याचा मेलेला लाडका कुत्रा आणला. सिनेमा देखणा आहे, मला फार आवडतो; पण तो पोरगा कुत्र्याला सोडून पळत नाही. तिथं बर्टननं मूळ भीतीला बगल दिली, असं माझं मत.

ही भीती कुठली, ते मलाही नीट कळलं नव्हतं. दिवाळीनंतर गावात पांढऱ्या चादरीवर कच्ची रेखाटनं दाखवली. समोर बसलेल्यांत निम्मी पोरं आजीजवळ राहणारी. आईबाप कोयत्यावर, ऊसतोडीला. राक्षसानं डोळा उघडला, कुणी ओरडलं नाही. व्हिक्टर गढीच्या दारातून पळाला तशी पुढची एक पोरगी मागं न वळताच म्हणाली,

“दादा, ह्याचा बाप कवा येनार वापस?”

परत येऊन मी एकच दुरुस्ती केली. राक्षस उघड्या दाराकडे बघतो तो शॉट एका सेकंदाचा होता. आता चार सेकंदांचा आहे. पापणी अजून लवत नाही.