खांदेरीचा दिवा आणि वऱ्हाडचा कापूस

अमरावती

मामा,

"आपल्या वऱ्हाडाले समुद्रातल्या दिव्याचं काय घेणं?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. उत्तर लांबलचक आहे, म्हणून पत्र.

अलिबागजवळच्या थळहून कोळ्यांच्या होडीने खांदेरी बेटावर गेलो. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, इंग्रज आरमार घेऊन धावले, आणि महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी त्यांना पुरून उरला. हे तुम्हाला पाठच आहे. वाटेत एक शिळा लागते, खड्याने ठोकली की पितळी परातीसारखी वाजते. येणारा प्रत्येक जण ठोकून बघतो. मीही ठोकली. वेताळाच्या देवळात मात्र कोळी मंडळी आधी हात जोडतात, मग बाकीचं.

वर अष्टकोनी मनोरा, उंची साधारण 25 मीटर, बांधकाम 1867 चं. आंग्र्यांचं राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी उभारलेल्या या दीपगृहाला आता मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांचंच नाव आहे. झकास झालं! दीपगृहात खरी करामत काचेची. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1820 च्या दशकात काचेचे लोलक कड्याकड्यांनी रचले. चहूकडे फाकणारा उजेड वळवून ते दूरवर आडवा फेकतात. शिवाय दर दीपगृहाच्या उघडझापीची लय वेगळी, त्यावरून खलाशी ठिकाण ओळखतो.

आता वऱ्हाडाचं. त्याच 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) कंपनीची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवीने कापसाला चढलेला भाव 1865 मध्येच कोसळला होता. म्हणजे नागपूरपर्यंत रूळ पोचले ते तेजी सरल्यावर. तरी गठाणी जातच राहिल्या. मुंबईत कुलाब्याचा कापूसबाजार, तिथून जहाज. सुवेझ कालवा 1869 चा, तोवर लिव्हरपूलला जायचं तर आफ्रिकेला वळसा. बंदर सोडून जहाज दक्षिणेला निघालं की डाव्या हाताला खांदेरी. परतीच्या जहाजांत मँचेस्टरचं कापड, आणि त्यांना वाट दाखवायलाही हाच दिवा! आपल्या शेतकऱ्याने तो कधी पाहिला नाही, पण त्याच्या घामाचा माल या दिव्याच्या उजेडातून गेला. माझ्या मते या दिव्यावर आपलाही हक्क आहे.

2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यांत खांदेरीही आहे. गर्दी वाढण्याआधी तुम्ही या. पावसाळ्यात होड्या बंद असतात. तुमचा कापूस विकून झाला की लगेच निघू. मामींनाही आणा.

तुमचा भाचा